लाइट गेल्यावर काय उरावे

केळीच्या पट्ट्यात, म्हणजे रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या भागात, विहिरीजवळच्या पत्र्याच्या खोलीत स्टार्टरशेजारी ठिबकच्या नियंत्रकाची पेटी दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. कोणत्या प्लॉटचा व्हॉल्व्ह केव्हा उघडायचा, पाणी किती मिनिटे द्यायचे, विद्राव्य खत त्यात कधी सोडायचे, हे सगळे ती पेटी सांभाळते. जळगावात ठिबक सिंचनाचा एवढा मोठा उद्योग उभा राहिला, ग्रँड नैनची उतिसंवर्धित रोपे आली, मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या दोन्ही लागवडी ठिबकवर गेल्या, तेव्हा ही पेटी मागोमाग येणारच होती. दूध संकलन केंद्रावर फॅट मोजून पावती देणारे यंत्र, केळी पिकवण्याच्या रायपनिंग चेंबरचा नियंत्रक, सौर पंपाची माहिती सिमकार्डावरून वर पाठवणारा डबा, हवामान केंद्रातले नोंदणी यंत्र ही सगळी त्याच कुळीतली. यांपैकी बऱ्याच यंत्रांच्या पोटात आता लहानसा लिनक्स संगणक असतो. असे संगणक घडवण्यात आणि बिघडून परत आलेले तपासण्यात बरीच वर्षे गेल्यावर माझे एक मत ठाम झाले आहे. मूळ फाइल सिस्टीम केवळ वाचण्यापुरती ठेवणे, म्हणजे यंत्र चालू असताना तिच्यावर काहीच लिहिता येणार नाही अशी व्यवस्था करणे, आवश्यक आहे. पण ते अर्धेच काम आहे. तिच्याबाहेर लिहिण्यासाठी जी जागा ठेवायची ती किती, कुठे आणि कशासाठी, हे ज्याने आधी ठरवले नाही त्याचे यंत्र खान्देशात टिकत नाही.

खान्देशात असे मुद्दाम म्हणतो, कारण इथली वीज समजून घेतल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. शेतीच्या फीडरला थ्री फेज वीज दिवसातून आठ तासांच्या आसपास मिळते, कधी दिवसपाळीत, कधी रात्रपाळीत. म्हणजे नियंत्रकाची वीज रोज किमान एकदा जातेच, आणि ती न सांगता जाते. वर्षाला ३६५ वेळा तर ठरलेलीच. डीपीवरचा फ्यूज उडणे, वळवाच्या वाऱ्यात तारा एकमेकींना लागणे, मे महिन्यात ट्रान्सफॉर्मरवर भार येणे हे वेगळे. शेतकऱ्याने स्टार्टरला ऑटो लावलेला असतो, त्यामुळे वीज आली की मोटार आपोआप सुरू होते. त्या क्षणी व्होल्टेज खाली बसते, आणि नेमका तेव्हाच शेजारचा संगणक जागा होत असतो. टेबलावरच्या संगणकाला आपण व्यवस्थित बंद करतो, तो उघड्या फाइल मिटतो, हातातले लिखाण डिस्कवर उतरवतो आणि मग झोपतो. विहिरीवरच्या संगणकाला अशी संधी आयुष्यात एकदाही मिळत नाही. त्याच्यासाठी वीज अचानक जाणे हा अपघात नव्हे, बंद होण्याची तीच नेहमीची रीत आहे. जे सॉफ्टवेअर हे गृहीत धरत नाही ते पुण्यातल्या प्रयोगशाळेत वर्षभर चालते आणि यावलला पहिल्याच पावसाळ्यात बंद पडते.

वीज जाताना आत नेमके काय होते ते जवळून पाहू. शेतकरी पडद्यावर प्लॉट क्रमांक ३ ची वेळ ४० मिनिटांची ५५ मिनिटे करतो आणि सेव्ह दाबतो. पडद्यावर ‘सेव्ह झाले’ असे येते. प्रत्यक्षात त्या वेळी नवी माहिती फक्त रॅममध्ये असते. लिनक्स ती लगेच फ्लॅशवर उतरवत नाही. लिखाण साठवून एकगठ्ठा करणे वेगासाठी चांगले असते म्हणून ते काही सेकंद, कधी अर्ध्या मिनिटापर्यंत, थांबवून ठेवते. त्यातून प्रोग्राम साधेपणाने लिहिलेला असेल तर तो जुनी फाइल उघडताना आधी ती रिकामी करतो आणि मग नवा मजकूर भरतो. या दोन पावलांच्या मधे वीज गेली तर वीज परतल्यावर फाइल असते, तिचे नाव असते, तारीख असते, आणि लांबी शून्य बाइट असते. चाळीस मिनिटेही गेली आणि पंचावन्नही गेली. यावर ईएक्सटी४ सारख्या जर्नल ठेवणाऱ्या फाइल सिस्टीमचे नाव सांगितले जाते. जर्नल असताना अशी भीती कशाला, असे पदवी घेऊन नुकतीच आलेली मुले हटकून विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण जर्नल मुख्यतः फाइल सिस्टीमच्या रचनेची हमी देते, आतल्या मजकुराची देत नाही. कोणती फाइल कोणत्या जागी आहे याचा हिशेब जुळलेला राहील एवढेच तिचे वचन. २००९ च्या सुमारास याच शून्य लांबीच्या फाइलींवरून लिनक्सच्या जगात मोठा वाद झाला आणि नेहमीच्या काही प्रसंगांपुरती दुरुस्तीही कर्नेलमध्ये आली. तरीही मूळ जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्याचीच राहिली, आणि ती आजही त्याचीच आहे.

वेळापत्रकाची फाइल गेली तर निदान यंत्र तरी जागे होते. यंत्राचे स्वतःचे प्रोग्राम आणि लायब्रऱ्या ज्या विभागात आहेत तोच लिहिण्यासाठी उघडा असला, तर एखाद्या दिवशी नोंदींची फाइल लिहिता लिहिता तो विभागच जखमी होतो आणि पेटी पुन्हा उठतच नाही. म्हणून मूळ विभाग वाचण्यापुरताच ठेवण्याची रीत आली. त्यासाठी बहुतेक ठिकाणी स्क्वॉशएफएस वापरतात. ही दाबून बसवलेली फाइल सिस्टीम २००९ पासून लिनक्सच्या मूळ कर्नेलमध्ये आहे. तिच्यात लिहिण्याची सोयच नसल्यामुळे चुकूनही कोणी काही लिहू शकत नाही. घरोघरच्या वायफाय राऊटरमध्ये चालणारे ओपनडब्ल्यूआरटी याच पायावर उभे आहे. फायदा उघड आहे. कारखान्यातून निघालेली पेटी आणि तीन वर्षांनी विहिरीवर असलेली पेटी, दोन्हींचा मूळ विभाग बिट न बिट सारखा असतो. बिघाड शोधताना निम्मी शंका तिथेच मिटते. हे मी कमी लेखत नाही. पण इथेच बरेच जण थांबतात.

कारण मूळ विभाग बंद केला म्हणून लिहिण्याची गरज संपत नाही. नोंदी लिहायच्या असतात, नेटवर्कने दिलेला पत्ता टिपायचा असतो, दुरून जोडणीसाठी लागणाऱ्या गुप्त किल्ल्या पहिल्यांदा सुरू होताना तयार होतात त्या ठेवायच्या असतात, घड्याळ लावायचे असते, शेतकऱ्याने बदललेले वेळापत्रक जपायचे असते, या हंगामात किती खत गेले त्याची बेरीज ठेवायची असते. मूळ विभाग बंद केल्यावर पहिल्याच दिवशी निम्मे प्रोग्राम ‘लिहिता येत नाही’ म्हणून तक्रार करू लागतात. मग सोपा उपाय सुचतो तो ओव्हरलेचा. ओव्हरलेएफएस २०१४ च्या अखेरीस लिनक्स ३.१८ मध्ये आले. खाली बंद विभाग, वर लिहिता येणारा थर, आणि प्रोग्रामला दोन्ही मिळून फाइलींचे एकच झाड दिसते. प्रोग्राम काहीही बदलो, बदल वरच्या थरात जातो. पाच मिनिटांत सगळ्या तक्रारी थांबतात. हा वरचा थर रॅममध्ये असेल आणि प्रत्येक वेळी कोरा होत असेल तर माझी हरकत नाही. पण तो फ्लॅशवर कायम ठेवला तर जी गोष्ट बंद केली म्हणून सांगितले तीच मागच्या दाराने उघडी झाली. आता कोणताही प्रोग्राम कोणतीही फाइल कायमची झाकू शकतो. सहा महिन्यांनी नवे सॉफ्टवेअर पाठवले, त्यात एका फाइलची दुरुस्ती होती. पण वरच्या थरात त्या फाइलची जुनी प्रत बसलेली असल्यामुळे दुरुस्ती कधी दिसतच नाही. कार्यालयातल्या यादीत पेटी नव्या आवृत्तीवर असते आणि शेतात ती जुन्याच चुकीने वागते. असा बिघाड शोधायला जितका वेळ जातो तितका दुसऱ्या कशालाही जात नाही. म्हणून संपूर्ण मूळ झाडावर कायमचा थर चढवणे मी चूक मानतो. सोयीसाठी केलेली ही तडजोड आहे, आणि तिची किंमत दुसऱ्याच कोणालातरी मोजावी लागते.

त्यापेक्षा कष्टाचा पण सरळ मार्ग असा की लिहिल्या जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीला समोर बसवून विचारायचे: वीज गेल्यावर तू उरली नाहीस तर कोणाचे काय जाते? बहुतेकांचे उत्तर ‘काही नाही’ असेच येते. नेटवर्कचा पत्ता पुन्हा मिळतो, तात्पुरत्या फाइली पुन्हा बनतात, रोजच्या तांत्रिक नोंदींपैकी नव्वद टक्के कोणी कधी वाचत नाही. या सगळ्यांची जागा रॅममध्ये, आणि तीही मोजून दिलेली, नाहीतर एखादा बिघडलेला सेन्सर सेकंदाला दहा तक्रारी लिहून रॅमच भरून टाकतो. काही गोष्टी पेटीच्या जन्मात एकदाच लिहायच्या असतात: तिचा अनुक्रमांक, तिच्या किल्ल्या, सेन्सरचे कॅलिब्रेशन. त्या कारखान्यातच वेगळ्या कोपऱ्यात लिहून तो कोपरा कायमचा बंद करावा. शेवटी उरतात त्या अगदी थोड्या गोष्टी, ज्या माणसाने ठरवल्या आहेत किंवा ज्यांवर पैसा अवलंबून आहे. वेळापत्रक, दुधाची पावती, तापमानाची नोंद. यांच्यासाठीच वेगळा, लहान विभाग हवा, आणि तिथे लिहिण्याची शिस्त ठरलेली हवी. वेळापत्रकासारखी फाइल बदलताना जुनीला हात लावायचा नाही. शेजारी नव्या नावाने संपूर्ण फाइल लिहायची, ती फ्लॅशवर उतरल्याची खात्री सिस्टीमकडून घ्यायची, मग एकाच हालचालीत तिचे नाव बदलून जुनीच्या जागी आणायची, आणि शेवटी ज्या फोल्डरमध्ये हे घडले ते फोल्डरही उतरवून घ्यायचे. इतके झाल्यावरच पडद्यावर ‘सेव्ह झाले’ म्हणायचे. वीज कोणत्याही पावलावर गेली तरी एकतर चाळीस मिनिटे राहतात किंवा पंचावन्न. शून्य कधीच राहत नाही. शेवटचे पाऊल विसरण्याची सवय सार्वत्रिक आहे, आणि ते विसरले तर बदललेले नाव स्वतःच हरवू शकते.

नोंदींचे शास्त्र थोडे निराळे, आणि या बाबतीत आपल्या जुन्या व्यापाऱ्यांची किर्द आजच्या प्रोग्रामरला बरेच शिकवू शकते. किर्दीत खाडाखोड नसते. चूक झाली तर खाली नवी नोंद होते, पान फाडले जात नाही. फ्लॅशवरची नोंदही अशीच असावी: कायम शेवटी भर, प्रत्येक नोंद सारख्या लांबीची, तिला स्वतःचा अनुक्रमांक आणि शेवटी पडताळणीचा आकडा. वीज जाताना एखादी नोंद अर्धी राहिलीच तर तो आकडा जुळत नाही, यंत्र ती एक नोंद सोडून पुढे जाते आणि आधीच्या सगळ्या शाबूत राहतात. अशा व्यवस्थेला जागा किती लागते याचा हिशेब फारसा कोणी करत नाही. हवामानाची एक नोंद ३२ बाइटांत आरामात बसते. दर दहा मिनिटांनी एक धरली तर दिवसाला १४४ नोंदी, म्हणजे ४,६०८ बाइट. वर्षाचे होतात १७ लाख बाइटांहून कमी. सोळा मेगाबाइटची बोटाच्या नखाएवढी फ्लॅश चिप दहा वर्षांच्या नोंदी जवळजवळ सामावून घेते. तरीही याच कामासाठी बत्तीस गिगाबाइटचे मेमरी कार्ड, त्यावर मोठा डेटाबेस आणि त्याखाली सगळ्यांना मोकळी असलेली फाइल सिस्टीम असा थाट मांडला जातो.

हा हिशेब कागदावरचा वाटेल, पण जळगावच्या केळी उत्पादकासाठी त्याला रुपयांत अर्थ आहे. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत थंडी आणि उष्णतेसाठी केळीची भरपाई शेतात येऊन नुकसान पाहून ठरत नाही. थंडीत किमान तापमान ठरलेल्या मर्यादेखाली सलग किती दिवस राहिले, उन्हाळ्यात कमाल तापमान मर्यादेवर सलग किती दिवस राहिले, हे महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवरून ठरते. राज्याच्या महावेध प्रकल्पातून अशी स्वयंचलित केंद्रे मंडळामंडळांत उभी राहिली ती याच प्रकारच्या कामांसाठी. इथे ‘सलग’ या अटीकडे लक्ष द्यावे. कडाक्याच्या थंडीतल्या तीन रात्रींपैकी मधल्या रात्रीची नोंद नसेल तर पहिली आणि तिसरी कितीही अचूक असली तरी साखळी तुटू शकते. अशा यंत्रात नोंद साठवणे ही सोय नसून कराराचा भाग आहे. आणि नुसते तापमान साठवून भागत नाही, ते कधीचे हेही टिकले पाहिजे. घड्याळाची छोटी बॅटरी नसलेला किंवा ती संपलेला संगणक जागा झाला की अनेकदा १ जानेवारी १९७० या तारखेपासून मोजू लागतो, आणि मोबाइलचे नेटवर्क मिळेपर्यंतच्या सगळ्या नोंदींवर तीच तारीख पडते. आकडे खरे, तारीख खोटी. नोंदीला अनुक्रमांक असेल आणि किती वेळा यंत्र पुन्हा सुरू झाले याची मोजणी ठेवलेली असेल तर निदान नोंदींचा क्रम पक्का राहतो आणि मागाहून वेळ बसवता येते. या दोन आकड्यांना मिळून आठ बाइट लागतात.

लिहिण्याची जागा लहान ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. फ्लॅश झिजते. तिच्यातला प्रत्येक गट ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो. साध्या प्रतीच्या एमएलसी फ्लॅशला ही मर्यादा सुमारे तीन हजार धरतात, स्वस्त कार्डात त्याहून बरीच कमी. त्यातून चार किलोबाइटची ओळ बदलायची असली तरी आतून कितीतरी मोठा गट हलवावा लागतो. धरा, पाच सेकंदांना एकदा काही लिहिले जाते आणि दर वेळी आत अर्धा मेगाबाइट हलतो. दिवसाला १७,२८० वेळा म्हणजे साडेआठ गिगाबाइटांहून जास्त. आठ गिगाबाइटचे कार्ड रोज एकदा संपूर्ण पुसून लिहिल्यासारखे झाले. जर्नल आणि फाइलींचे तपशील धरून हे तिप्पट झाले तर तीन हजारांचा साठा तीन वर्षांच्या आत संपतो. ही केवळ स्वस्त पेट्यांची अडचण नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेस्लाने अमेरिकेत सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलावल्या, कारण पडद्यामागच्या संगणकातली आठ गिगाबाइटची फ्लॅश सततच्या लिखाणाने झिजून जात होती आणि पाठीमागचा कॅमेरा दिसेनासा होत होता. एवढ्या किमतीच्या गाडीत जे घडते ते पत्र्याच्या खोलीत का घडणार नाही? शिवाय इथला उन्हाळा आहे. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपर्यंत जातो, उन्हातल्या बंद पेटीत त्याहून बराच वर. फ्लॅशच्या पेशीत धरलेला विद्युतभार उष्णतेने लवकर गळतो, आणि पेशी जितकी झिजलेली तितकी ती गळती वेगवान. कमी लिहिणे हा उष्णतेवरचाही उपाय आहे.

सर्वांत मोठी परीक्षा मात्र पुढची आहे: लिहिण्याची जागा पूर्ण मेली तर यंत्र उठते का? नासाचे स्पिरिट रोव्हर जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरले आणि तिसऱ्या आठवड्यात अचानक गप्प झाले. कारण निघाले ते असे की फ्लॅशमध्ये फाइली इतक्या साचल्या होत्या की सुरू होताना त्यांची यादी उभी करायलाच रॅम पुरेना. यंत्र सुरू होई, फ्लॅश जोडायला जाई, कोसळे, पुन्हा सुरू होई, आणि या चक्रात रात्री झोपणेही त्याला जमेना. ते वाचले एका सोयीमुळे. फ्लॅशला हातच न लावता नुसत्या रॅमवर सुरू हो, अशी आज्ञा त्याला पृथ्वीवरून देता येत होती. मंगळावरची ही सोय विहिरीवर त्याहून गरजेची आहे, कारण तिथे आज्ञा द्यायलाही कोणी बसलेले नसते. नोंदींचा विभाग जोडला गेला नाही तर पेटीने तो एकदा दुरुस्त करून पाहावा, नाही जमले तर कोरा करावा, तेही नाही जमले तर त्याच्याशिवाय, मूळ विभागात ठेवलेल्या साध्या वेळापत्रकावर, बागेला पाणी देत राहावे आणि लाल दिवा लावून ठेवावा. बरेच प्रोग्राम याच्या उलट वागतात. फाइल सापडली नाही की थांबतात, आणि एप्रिलच्या उन्हात केळीला दोन दिवस पाणी मिळत नाही. नोंद हरवण्याचे नुकसान आणि पाणी थांबण्याचे नुकसान यांची तुलनाच होऊ शकत नाही.

यावर काही आक्षेप नेहमी येतात. पहिला बॅटरीचा. पेटीला बॅटरी लावा, वीज जाण्याचा प्रश्नच मिटेल, असे व्यापारी सांगतात. लहान सुपरकपॅसिटर मी जरूर लावावा म्हणतो, कारण हातातले लिखाण संपवायला लागणारे दोन-चार सेकंद तो देतो. पण बॅटरी इथल्या उष्णतेत दोन-तीन उन्हाळ्यांत निकामी होते, आणि ती निकामी झाल्याचे कोणाला कळत नाही. ज्या दिवशी ती मरते त्या दिवसापासून यंत्र पुन्हा पहिल्या प्रश्नासमोर उभे. सौर पंपाच्या बाबतीत तर वीज तटकन जातही नाही. ढग आला की व्होल्टेज हळूहळू उतरते, प्रोसेसर कसाबसा चालू असतो आणि फ्लॅश मात्र नीट लिहू शकत नाही. साक्री-शिरपूरकडे पावसाळ्यात हे दिवसातून अनेकदा होते. त्यावर उपाय व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेले की प्रोसेसरला सरळ रोखून धरणाऱ्या सर्किटचा, बॅटरीचा नव्हे. दुसरा आक्षेप क्लाउडचा: पेटीत काही ठेवूच नका, सगळे वर पाठवा. सातपुड्याच्या पायथ्याशी मोबाइलची रेंज ज्यांनी पाहिली आहे ते असे म्हणणार नाहीत. वर पाठवावे हे खरे, पण ते पोहोचल्याची पावती येईपर्यंत खालची प्रत पुसायची नाही, आणि ती प्रत ठेवायला जागा लागतेच. तिसरा आक्षेप असा की एवढ्या कामाला लिनक्स कशाला, साधा मायक्रोकंट्रोलर पुरे. अनेक ठिकाणी हे अगदी बरोबर आहे, आणि तिथे तोच वापरावा. पण मायक्रोकंट्रोलरलाही वेळापत्रक कुठेतरी ठेवावे लागते. ईईप्रॉममध्ये लिहिताना वीज गेली की तिथेही अर्धवट आकडा उरतो. दोन प्रती, पडताळणी आणि अनुक्रमांक ही शिस्त तिथेही सुटत नाही.

चौथा आक्षेप शेतावर जाणाऱ्या तंत्रज्ञाचा आहे, आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. तो म्हणतो, पूर्वी मी पेटीशी लॅपटॉप जोडून एक ओळ बदलायचो आणि पाच मिनिटांत शेतकऱ्याचे काम व्हायचे. आता मूळ विभाग बंद आहे म्हणून मला जळगावहून नवी आवृत्ती येईपर्यंत थांबावे लागते. त्याची अडचण खरी आहे. बांधावर उभा राहून शेतकऱ्याची बोलणी तोच खातो. तरीही त्या एका ओळीची दुसरी बाजू पाहावी लागते. ती ओळ त्या एकाच पेटीत बदलते, तिची नोंद कुठे होत नाही, आणि पुढच्या वेळी दुसरा तंत्रज्ञ आला की त्याला हे यंत्र बाकीच्यांहून वेगळे का वागते याचा पत्ता लागत नाही. त्याची गरज भागवण्याचा मार्ग म्हणजे जे जे शेतावर बदलावे लागते ते आधीच ओळखून सेटिंगमध्ये आणणे: सेन्सरची पट्टी, पंपाची क्षमता, सिमकार्डाची माहिती. तंत्रज्ञाला पुन्हा पुन्हा मूळ फाइलच बदलावी लागत असेल तर रचना करणाऱ्याने काहीतरी चुकीच्या बाजूला ठेवले आहे. म्हणून असा प्रत्येक फोन कार्यालयात लिहून ठेवावा; पुढच्या आवृत्तीत काय बाहेर काढायचे याची यादी त्यातूनच तयार होते.

नव्या आवृत्तीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती पुस्तकी चर्चेत मागे पडते. आज चांगल्या यंत्रांत मूळ विभागाच्या दोन जागा असतात. चालू आवृत्ती एका जागी, नवी दुसऱ्या जागी उतरते, आणि नवी नीट उठली नाही तर यंत्र आपोआप जुनीवर परत जाते. मूळ विभाग बंद असल्यामुळे हे स्वच्छपणे जमते. पण लिहिण्याचा विभाग दोन्हींचा एकच असतो! नव्या आवृत्तीने वेळापत्रकाच्या फाइलचा साचा बदलला, चार दिवसांनी काही कारणाने यंत्र जुन्या आवृत्तीवर परतले, आणि जुन्या प्रोग्रामला ती फाइल वाचता येईना, असे झाले तर परतण्याची सगळी सोय फुकट. म्हणून नवी आवृत्ती स्थिर झाल्याची खात्री होईपर्यंत जुन्या साच्यातली फाइल शेजारी जपून ठेवावी, किंवा साचा असा वाढवावा की जुन्याला अनोळखी ओळी सोडून बाकीचे वाचता यावे. तसेच, एकाच ईएमएमसी चिपवर बंद विभाग आणि लिहिण्याचा विभाग शेजारी असले तर ती चिप आपल्या सोयीने आतले गट हलवत असते, आणि त्या हालचालीत वीज गेली तर ज्यावर कोणी लिहिलेच नव्हते तो विभागही इजा पावू शकतो. सतत बदलणाऱ्या नोंदींसाठी वेगळी चिप, शक्य असेल तर एफरॅम, जिची लिहिण्याची मर्यादा व्यवहारात संपतच नाही, वापरणे म्हणून शहाणपणाचे. पेटीच्या किमतीत त्याने पडणारा फरक एका फेरीच्या पेट्रोलपेक्षा कमी असतो.

जळगाव आणि धुळ्याच्या एमआयडीसीत असे नियंत्रक जोडणारे उद्योजक आहेत, बांभोरी, शिरपूर, धुळ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी ही कामे हाती घेणारी मुले बाहेर पडतात. त्यांना माझी विनंती आहे. पेटी पाठवण्याआधी तिच्या विजेच्या वायरीत एक रिले बसवा, तिला नोंदी लिहायला लावा आणि कधीही, वेळ न ठरवता, हजार वेळा वीज तोडा. प्रत्येक वेळी ती उठते का, वेळापत्रक शाबूत आहे का, नोंदींचा अनुक्रम तुटला का, हे यंत्रानेच तपासू द्या. एका शनिवार-रविवारात हे होते. मग लिहिण्याचा विभाग मुद्दाम पुसून टाका आणि पाणी तरीही सुरू होते का ते पाहा. आणि पेटीच्या दारावर आतल्या बाजूने मराठीत एक कागद चिकटवा: लाइट गेली तर या यंत्रात काय राहते, काय जाते, आणि ‘सेव्ह झाले’ दिसेपर्यंत किती सेकंद थांबायचे. ज्याच्या बागेचे पाणी त्या पेटीवर आहे त्याला हे आधी सांगणे आपले काम आहे.